मोतीरामची साक्ष

"हे स्वर्गीय पित्या, तुझ्या या आजारी लेकराकडे कृपादृष्टीनं पाहा, आणि..." एवढं बोलून पाळकसाहेब थांबले.

वत्सलाबाई डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून उभ्या होत्या. खाटेवर त्यांचा नवरा मोतीराम डोळे मिटून पडला होता. पाळकसाहेब देवाचं ऐकत असतील, असं समजून दोघंही थांबली. सातपूरच्या कारखान्यांची पाळी सुटली, रस्त्यानं मोटारसायकली गेल्या, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या झाल्या. मग घोरणं ऐकू आलं.

वत्सलाबाईंनी एक डोळा उघडला. पाळक देवव्रत पगारे स्टुलावर बसल्या बसल्या पुढं कलले होते. मोतीरामच्या कपाळावर ठेवलेला हात घसरला होता, आणि त्यामागोमाग डोकंही यायच्या बेतात होतं.

"अगं, पडतील हे," मोतीराम कुजबुजला.

पाच मिनिटांसाठी आलोय, असं सांगतच पाळकसाहेब घरात शिरले होते. संध्याकाळी मैदानावर मोठी सभा होती. हैदराबादचे नामांकित वक्ते दुपारच्या गाडीनं नाशिकरोडला उतरणार होते आणि त्यांना हार घालायला पाळकसाहेबांना स्वतः जायचं होतं. महिनाभर हा माणूस एम-८० दुचाकीवरून पिंपळगाव, निफाड करत पोस्टरं चिकटवत हिंडत होता. पोस्टरवर वक्त्यांच्या फोटोशेजारी त्यांचाही फोटो होता. बोटभर मोठाच.

"उठवू का?" वत्सलाबाईंनी विचारलं.

मोतीरामनं त्या चेहऱ्याकडं पाहिलं. गालफडं बसली होती, डोळ्यांभोवती काळं झालं होतं. "नको," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा हेच जास्त आजारी दिसतात."

आणि कंबर धरल्यापासून पाणीसुद्धा पडूनच पिणारा मोतीराम भिंतीला धरून उठला. दोघांनी मिळून पाळकसाहेबांना खाटेवर आडवं केलं. वत्सलाबाईंनी त्यांचे बूट काढले, अंगावर गोधडी घातली. मग त्या मेथी घेऊन दारात बसल्या खऱ्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. गाडी चुकली तर हा माणूस आपलं तोंडही बघायचा नाही.

थोड्या वेळानं धोंडीराम धापा टाकत आला. चर्चच्या मंडळीची सगळी धावपळ त्याच्याकडं असायची. "मावशी, पाळकसाहेब इथंच ना? गाडीची वेळ झाली!"

"प्रार्थना चाललीय," वत्सलाबाई दार अडवून म्हणाल्या.

आतून मोठ्ठं घोरणं आलं.

"आणि हा आवाज?"

वत्सलाबाई चर्चच्या माणसाशी जन्मात खोटं बोलल्या नव्हत्या. पण पाळकसाहेब प्रार्थनेत रंगले की कुणाला न कळणाऱ्या भाषेत बोलतात, हे सगळ्या मंडळीला ठाऊक होतं.

"अन्य भाषेत चाललीय," त्या म्हणाल्या.

धोंडीरामनं चपला काढल्या, दारातच मान लववून "आमेन" म्हटलं आणि पाहुण्यांना हार घालायला तो स्वतःच पळाला.

उन्हं भिंतीवरून उतरली तेव्हा पाळकसाहेब दचकून उठले. "पाहुणे!" म्हणत त्यांनी डावा बूट उजव्या पायात घातला.

"मीच उठवलं नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. "बोला काय बोलायचं ते."

ते काही बोलणार एवढ्यात धोंडीराम परत आला. पाहुणे पोचले होते, जेवले होते आणि खोलीवर आडवे झाले होते.

"माझ्याबद्दल विचारलं त्यांनी?"

"विचारलं की. आधी संडास कुठाय ते विचारलं, मग तुमचं. मी सांगितलं, आजाऱ्यापाशी आहेत म्हणून."

मग धोंडीरामची नजर मोतीरामवर गेली. तो उंबऱ्याशी बसून मेथी निवडत होता.

"मोतीरामदादा! तुम्ही उठलात?" धोंडीराम ओरडलाच. "साहेब, चमत्कार! आज यांना स्टेजवर घेऊ. साक्ष देतील!"

पाळकसाहेबांचे डोळे चमकले. पोस्टरवर 'चमत्कार घडतील' असं ठळक छापलं होतं, आणि दाखवायला अजून एकही माणूस मिळाला नव्हता. त्यांनी खिशातून कंगवा काढला, केस सारखे केले.

"मोतीराम, याल का? दोनच वाक्यं बोला. कसे उठलात, एवढंच सांगा."

"सांगतो की," मोतीराम म्हणाला. "पाळकसाहेब प्रार्थना करता करता माझ्याच अंगावर झोपले. त्यांना खाट पायजे, म्हणून मी उठलो. लय ताकद हाय त्यांच्या झोपेत."

धोंडीराम छताचे पत्रे न्याहाळू लागला. वत्सलाबाईंचा हात मेथीत तसाच राहिला. पाळकसाहेब पाठ फिरवून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. रडतायत की काय, असं वत्सलाबाईंना वाटलं. पण ते हसत होते. हसता हसता खाली फरशीवरच बसले, डोळे पुसले, पुन्हा हसले.

"साहेब, सभेचं काय?" धोंडीरामनं चाचरत विचारलं.

"पाहुणे आहेत की बोलायला. तू हो पुढं. मी येतो मागून, लोकांत बसेन."

धोंडीराम गेला. पाळकसाहेबांनी मोतीरामला हात देऊन खाटेवर निजवलं, उशी सारखी केली. "आता सांगा," ते म्हणाले, "नक्की कुठं दुखतं?"

मोतीरामनं बायकोकडं पाहिलं, घसा खाकरला आणि कारखान्यात लागला त्या सालापासून सुरुवात केली.

पाळकसाहेबांनी मांडी घातली, मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि ऐकता ऐकता निवडू लागले. पानं कचऱ्यात टाकत होते, काड्या टोपलीत. वत्सलाबाईंनी पाहिलं आणि चहाचं आधण ठेवलं.