वळणावरची शिट्टी

सासऱ्यांची नजर गेली आणि अंगणातली त्यांची मोठी खेळण्यातली आगगाडी नुसत्या खडखडाटापुरती उरली. तिलाही आवाज हवा, म्हणून सूनबाईंनी हौसेहौसेने, नवऱ्याला न विचारता, त्याच्या टेबलावरच्या छोट्या गाडीतली आवाजाची चिप काढून तिच्यात बसवली. चिपला सोळाच व्होल्ट झेपत, मोठी गाडी चोवीस खायची. एवढा एक हिशेब तेवढा राहून गेला. बाबांनी बटण पूर्ण फिरवलं, इंजिनाने एक झकास शिट्टी मारली आणि चिपने मान टाकली.

“कसला गं वास?”

“दूध उतू गेलं, बाबा.”

जन्मभर विजेच्या मोटारी दुरुस्त केलेल्या बाबांनी मान डोलावली. “शिट्टी मात्र काय गोड होती! पुन्हा ऐकू दे की.”

तो खुललेला चेहरा बघून खरं सांगायला तिची जीभ रेटेना. मोठ्या गाडीला साजेशी चिप येईपर्यंत बाईसाहेब रोज गाडीमागे वाकून अनवाणी धावल्या. झुकझुक तोंडाने, शिट्टीही तोंडाने. कुंड्यांजवळच्या वळणावर हमखास तोल जायचा आणि हसू दाबता दाबता शिट्टी फाटायची.

अखेर नवी चिप आली. चोवीस व्होल्टलाही खणखणीत वाजली. बाबांनी दोन फेऱ्या मन लावून ऐकल्या.

“आवाज चांगला आहे हो, सूनबाई,” ते हळूच म्हणाले, “पण ही वळणावर हसत नाही.”