ऑटोच्या सदऱ्यावरची माती

देवाचं नाव घ्या आणि जरा जवळ सरकून बसा. आमच्या ओहायोतल्या एका भोळ्या बाईची गोष्ट सांगतो.

बेसबॉल नवा होता तेव्हा आमचा ऑटो हुफनागेल मातीतून घसरत गेला आणि अंतिम सामन्याची विजयी धाव घेऊनच उठला. त्या दिवसापासून तो मळका सदरा त्याने बायकोला, लुइझाला, कधी धुऊ दिला नाही. म्हातारपणी ऑटो देवाघरी गेला, आणि सदरा न्यायला संग्रहालयाचे साहेब मंगळवारी येणार, असा निरोप आला.

"काचेच्या कपाटात ठेवणार म्हणे. अख्खं जग मला नावं ठेवेल," म्हणत लुइझाने सोमवारी, गावाच्या धुण्याच्या वारी, सदरा खसाखसा घासला, खळ घातली, कडक इस्त्री केली.

मंगळवारी तो पांढराशुभ्र सदरा बघून साहेब मटकन खाली बसले. "मावशी, माती कुठे गेली? लोक ती माती बघायला येणार होते हो."

लुइझाने कपाळावर हात मारला.

"अहो, माझा नवरा जन्मभर हेच सांगत होता, माती राहू दे म्हणून. मला वाटायचं, धुवायला द्यायचा कंटाळा."

घरात तुमचं खरं कुणी ऐकेनासं झालं, की आमच्या ऑटोची आठवण काढा.