दमयंतीचा डबा

मुक्त विद्यापीठाच्या सुवर्णमहोत्सवी इतिहासासाठी हेमांगी जुन्या विद्यार्थ्यांच्या आठवणी गोळा करत होती. पहिल्या तुकडीचे निवृत्तीकाका ओसरीवर पिशवी भरत बसले होते.

"कपाळाला विद्यापीठाची पट्टी बांधून झोपायचं, सकाळी धडा तोंडपाठ! आणि दुपारी जांभळाखाली दमयंतीबरोबर डबा खायचो, ते दिवसच वेगळे."

हेमांगी हसली. विद्यापीठाला ना आवार होतं, ना जांभूळ. घरी एकट्यानं शिकणाऱ्यांनी कंटाळून शिक्षण अर्ध्यावर सोडू नये, म्हणून झोपेत त्या पट्टीतून धड्यांबरोबर एक मैत्रीणही सगळ्यांच्या डोक्यात घातली होती. हेमांगी स्वतः त्याच पट्टीवर शिकलेली. दमयंती तिलाही आठवायची.

"काका, दमयंती खरी नव्हती हो."

"मग आज सकाळी हाक कोणी मारली? म्हणाली, घरदार सोडा आणि निघा."

काका पिशवी घेऊन उठले. बाहेर कसलाही आवाज नव्हता, तरी रस्ता माणसांनी भरला होता. सगळे एकाच दिशेला निघाले होते, प्रत्येकाच्या हातात डबा.

"काका, थांबा!" हेमांगी त्यांना अडवायला फाटकापर्यंत धावली आणि तिथंच थबकली. तिच्याही हातात डबा होता. सकाळी तिनं दोघींपुरत्या पोळ्या लाटल्या होत्या, आणि दुसरी कोण, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.