हातावरचं दही

केतकी दवाखान्यातून आली, तेव्हा तिच्या कानामागे चिकटपट्टी होती.

"दुखलं का गं?" बापूंनी विचारलं.

"छे! दहा मिनिटांचं तर काम."

तिनं परदेशात घर घेतलं होतं. घर घेणाऱ्याला तिथे तीस वर्षांचा व्हिसा मिळायचा. मात्र मायदेशाची ओढ मेंदूतून काढून यावं लागायचं. आधीचे लोक घरं विकून परत पळायचे ना! "टाक काढून, उगाच तिकडे रडत बसशील," असं बापूच तिला म्हणाले होते.

टॅक्सी आली. निघणाऱ्यानं सुखरूप परत यावं म्हणून हातावर दही घालायचं काम केतकीच्या आईचं असे. ती गेल्यापासून बापूच घालत. आजही त्यांनी लेकीच्या तळहातावर चमचाभर दही घातलं.

केतकीला त्याचा अर्थ पक्का ठाऊक होता. म्हणूनच तिनं हात नळाखाली धरला.

"अगं, खाल्लं नाहीस?"

"परत कुठे यायचंय, बापू?"

बापूंचे डोळे भरून आले. ते पाहून ती मायेनं जवळ आली.

"तुम्हीपण काढून घ्या ना," ती म्हणाली. "खरंच, काही दुखत नाही."