सावली पडली की

तेरड्याच्या फुलावर निळं फुलपाखरू बसलं होतं. वत्सलाबाई कॅमेरा सांभाळत गुडघ्यांवर पुढे सरकल्या. उभा जन्म त्या सूर्याकडे तोंड करूनच फुलपाखरांजवळ गेल्या होत्या, कारण अंगावर सावली पडली की ती उडून जायची. आज मात्र त्यांनी मुद्दाम ऊन पाठीवर घेतलं.

सावली पडली. पंख हललेसुद्धा नाहीत. परागकण गोळा करणारं ते यंत्र आपलं काम करत राहिलं.

“आई, आता सगळी कारखान्यातलीच असतात,” मुलगी रेवती म्हणाली. “निदान फोटो तरी काढ. इतकी जवळून कधी मिळाली होती तुला?”

वत्सलाबाईंनी कॅमेरा उचलला नाही. सावली पुढे धरून त्या दुसऱ्या फुलाकडे सरकल्या.

“एखादं तरी घाबरेल गं,” त्या म्हणाल्या.