पाठमोरी

भिंतीत बाईच्या आकाराचं भगदाड होतं. डोकं, खांदे, कमरेवर टेकवलेल्या हाताचं कोपर आणि खाली ओढणीचा घेर. शेडच्या उघड्या दारातलं दुपारचं ऊन त्यातून आरपार येऊन जमिनीवर लांबच लांब पडलं होतं.

"हे काय केलंस, दयाराम?" हसनने विचारलं.

"तुमीच काढलाय," दयाराम म्हणाला. नाटकाच्या भिंती ठोकण्यात त्याचा जन्म गेला होता. त्याने कानावरची पेन्सिल काढून फळीवर पसरलेल्या हसनच्या चित्राकडे दाखवलं. "हे बगा. कागद कोरा सोडलाय. कोरा म्हंजे उजेड, उजेड म्हंजे दार नायतर खिडकी. आपला पयल्यापासून हाच ठरलेला हाय."

"दार असं असतं?"

"मना वाटला, नवीन कायतरी असंल. हल्लीच्या नाटकांचा काय सांगता येतो?"

दिग्दर्शिका रंजिता डोक्याला हात लावून उभी होती. "सर, रविवारी शो आहे. हे स्वयंपाकघर आहे. माझी हिरॉईन या भोकासमोर चहा करणार का?"

दयारामची चूक नव्हती. जलरंगात हसनने पांढरा रंग कधी वापरला नाही. जिथे उजेड हवा तिथे कागद राखायचा, ही त्याचीच शिकवण, आणि त्यावरूनच दयाराम इतकी वर्षं गव्हाण गावातल्या या शेडमध्ये खिडक्या कापत आला होता. या खेपेला कागद राखला होता तो खिडकीसाठी नव्हता.

हसनच्या नेपथ्याच्या प्रत्येक चित्रात एक बाई असायची. दार केवढं, फळी किती उंचावर, हे सुताराला कळावं म्हणून. बाई पाच फुटी, आणि कायम पाठमोरी. सगळ्या फळ्या, खुंट्या तिच्या हाताला पोचतील अशा. उंच नट्या वाकून वाकून वैतागायच्या आणि हसनच्या नावाने बोटं मोडायच्या. ती बाई म्हणजे त्याची बायको सुगरा, हे मात्र त्याने कुणाला सांगितलं नव्हतं.

चेहरा काढायचा नाही, ही तिचीच अट. "कयामतच्या दिवशी अल्लाह म्हणेल, चेहरा काढलास ना, आता घाल त्यात जान. मग काय कराल?" असं म्हणून ती हसायची. "पाठ काढा हवी तेवढी. पाठीला जान लागत नाही." पनवेलच्या घरात खिडकीपाशी बसून तो रंगवायचा आणि ती ओट्याकडे तोंड करून उभी असायची. फोटोचंही तेच. कुणी मोबाइल धरला की ओढणी वर. राहिला तो एक आधार कार्डावरचा, आणि त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते.

रमजानच्या आधी ती गेली. तेव्हापासून हसनला ती आठवते ती पाठीकडून. केसांची गाठ आठवते, मानेवरचा तीळ आठवतो, डावा खांदा जरा उतरता होता तेही आठवतं. चेहरा समोर येतोय असं वाटतं आणि ओल्या कागदावर रंग फुटावा तसा फुटून जातो. या वेळी तिला वळवायचंच, असं त्याने ठरवलं होतं. अल्लाहला काय सांगायचं ते पुढचं पुढे. भिंत रंगवली, ओटा रंगवला, भांडी रंगवली, तिच्यापुरता कागद राखला आणि ब्रश धरून बसून राहिला. एक रेघ उमटली नाही. रंजिताचे फोनवर फोन यायला लागले तेव्हा चित्र तसंच धाडून दिलं.

"सर, काहीतरी बोला ना," रंजिता म्हणाली.

"भरून टाकतो की," दयाराम म्हणाला. "कापलेला तुकडा ठेवलाय मी. बसवला, पुट्टी मारली, वरून रंग दिला की कुनाला कलनार पन नाय. आत्ता आनतो."

तो शेडच्या मागे गेला. रंजिताने सुटकेचा निःश्वास सोडला आणि कुणाला तरी फोन लावत बाहेर पडली.

हसन भिंतीसमोर एकटाच राहिला. आकार हुबेहूब तिचा होता, उतरत्या खांद्यासकट. आयुष्यभर तो तिच्याकडे याच बाजूने बघत आला होता. मग तो भिंतीला वळसा घालून पलीकडे गेला.

पलीकडे काय असणार? कच्चं लाकूड, आडव्या पट्ट्या, खिळ्यांची टोकं. त्या बाजूला रंग देत नाहीत, कारण तिथे प्रेक्षक कधी येत नाहीत. हसन जिथे तिचा चेहरा आला असता तिथे उभा राहिला. भगदाड त्याच्या हनुवटीपर्यंतच येत होतं. त्याने गुडघे वाकवले आणि डोळे तिच्या डोळ्यांच्या उंचीला आणले. त्याला ती हवी होती. चित्रासाठी नाही, नुसती हवी होती.

मागून दयारामची पावलं वाजली. पाच फुटी तुकडा त्याने मिठीत घेऊन उचलला होता. वाकलेल्या हसनला पाहून तो थबकला.

"हसनभाय, आनू ना?"

"आण," हसन तसाच वाकलेला राहून म्हणाला, "पण सावकाश आण."