दगडावरची सवत

"आजी, नाव बरोबर आहे ना?" नव्या दगडावरचं फडकं बाजूला करत सरपंचानं विचारलं. आमच्या नदीकाठच्या रस्त्याला गावाचा इतिहास सांगणारे असे दगड बसवणं चालू होतं. हा होडीच्या धक्क्यापाशी होता. 'महापुरात होडी घालून गावकऱ्यांना वाचवणारे बाबू भोई व त्यांची पत्नी हौसाबाई.'

हौसा माझी सवत. ती पुराच्या आधीच बाळंतपणात गेली, म्हणून तर मी या घरात आले. तिची आठवण म्हणून तिची प्रतिमा ठोकलेला चांदीचा टाक तेव्हापासून माझ्या गळ्यात आहे. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, मग आपण नेसायचं. सणाचा पहिला घासही तिचाच. रीत म्हणून मी सगळं दिलं. पण त्या पुरात वल्हं मी मारलं होतं, तेही तिलाच द्यायचं?

"अरे, ही तेव्हा होती कुठं? होडीत मी होते."

सरपंच ओशाळला. "गावात विचारलं, तर सगळ्यांनी हेच नाव सांगितलं."

"सांगतील की! दिसायला देखणी होती ना."

"तुमचं नाव खाली कोरून घेतो, आजी. जागा आहे."

"तिच्या खाली? नको."

मी दगडाला वळसा घालून नदीच्या बाजूला गेले. तिकडून तो कोरा होता.

"इथं कोरून घे. आणि यांचंही नाव पुन्हा घाल. इकडं आम्ही दोघंच राहू."